पहिली वडी

गच्चीवर अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर वड्या ओळीनं बसल्या होत्या, प्रार्थनेला बसलेल्या पोरींसारख्या, आणि कोपऱ्यातल्या पहिल्या वडीच्या कपाळाला कुंकू होतं. वडीला कुठून आलं कपाळ, पण हर्षाला त्या क्षणी दुसरा शब्दच सुचला नाही. कानाला फोन, हातात चहाचा कप, आणि फोनमधून अर्जुनीच्या मुलींच्या शाळेच्या अल्का मॅडम बोलतच होत्या: उद्याचा मेळावा, मंडप, बचत गटाच्या बाया, "विषय तोच ठेवलाय हं, उद्योजिका म्हणून माझ्या यशाचे धडे. आणि सुखवंता आजींचा किस्सा हवाच, आमच्या मुलींना तोंडपाठ आहे तो." हर्षा हो-हो म्हणत गेली, पण नजर काही त्या लाल ठिपक्यावरून हलेना. ठिपका ओला होता. त्याच्या कडेकडेनं उडदाचं पीठ गुलाबी होत चाललं होतं, जखमेभोवतीच्या कापसासारखं. हिवाळ्याचं कोवळं ऊन, खाली गोंदियाच्या बाजारातले रिक्षांचे भोंगे, लांबून मालगाडीची शिट्टी, सगळं रोजचंच. आणि त्या सगळ्याच्या मधोमध हा एवढासा ठिपका, असा, की कुणीतरी आत्ताच बोट उचलून बाजूला झालंय.

"दुर्गे, हे कुंकू कोणी लावलं?"

दुर्गा पहिल्या दिवसापासून तिच्याकडे कामाला. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. ती पीठ फेटता फेटताच म्हणाली, "मले का मालूम? माहे हात तर पिठात हायेत."

"मग कोणी लावलं?"

"पाकिटावर लिहून नाही का ठेवलं तुम्ही, आजी पहिल्या वडीले कुंकू लावते म्हणून? लावलं असंल आजीनं." आणि स्वतःच्याच विनोदावर ती खळखळून हसली. मग हर्षाचा चेहरा पाहून तिचं हसू हळूहळू वाळलं. दोघींनी एकदमच पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. टाकीच्या आडोशाला उन्हात हर्षाची आई बसली होती, पुष्पाबाई, पाठमोरी, उजवा हात पदराखाली घेऊन. गेल्या काही दिवसांपासून ती तो हात पदराखालीच ठेवत होती. थंडी वाजते म्हणायची. भर दुपारीसुद्धा.

हर्षानं नखानं तो ठिपका खरवडला. वडीला खड्डा पडला, पण लाल रंग आतपर्यंत गेलेला होता, आणि तो आता तिच्या नखातही शिरला. साबण लावला, लिंबू चोळलं, तरी नखाच्या कडेला एक बारीक लाल रेघ उरलीच. मुळात या घरात कुंकूच नव्हतं. तरी तिनं सगळी कपाटं धुंडाळली, दुर्गाची पिशवीसुद्धा, नको नको वाटत असताना. नव्हतंच. कधीच नव्हतं. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी बुद्ध, खाली वडिलांचा फोटो. वडील गेले तेव्हा हर्षा लहान होती, आणि पुष्पाबाईचं कपाळ तेव्हापासून जे मोकळं होतं ते मोकळंच होतं. गावाबाहेरच्या माळासारखं, स्वच्छ, त्यावर फक्त ऊन. लहानपणी केशोरीच्या घरात हर्षा झोपताना त्या कपाळावर आपलं कपाळ टेकवायची. ते नेहमी किंचित खरखरीत लागायचं. आता ती आठवण काढायला गेली की बोटांना आधी तो ओला ठिपका लागत होता.

पहिली वडी कुणाची नसते, असा तिच्या मायचा नियम होता. (तेव्हा ती माय म्हणायची. आई हा शब्द गोंदियात राहायला आल्यावर आला, कॉलेजबरोबर.) कोहळा किसायचा, पिळायचा, उडदाच्या फेटलेल्या पिठात घालायचा, आणि पहिली वडी धोतराच्या कोपऱ्यात घालून तिच्यावर अंगठा दाबायचा. बस, अंगठा. ती वडी विकायची नाही, खायची नाही. वर्षभर डब्यात ठेवायची, आणि पुढच्या हिवाळ्यात ती कुटून नव्या पिठात मिसळायची. तिच्यात मागल्या वर्षीची पहिली वडी, तिच्यात त्याच्या मागल्या. "माह्या मायचा आंगठा आहे याच्यात," पुष्पाबाई सांगायची, "अन् तिच्या मायचा. सगळ्याजणी कुटून कुटून आत बसल्या आहेत." छोट्या हर्षाला ते ऐकून अंगावर काटा यायचा, आणि तरी ती तो डबा कानाला लावून ऐकायची, आत कुणी बोलतंय का. आणि कोहळा? कोहळा बाईनं फोडायचा नसतो, पहिला घाव गड्यानंच घालायचा, ही गावाची रीत. घरात गडी उरला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात शेजारचा म्हातारा उदाराम बोलावण्याची वाट बघत ओट्यावर बसून राहिला, आणि पुष्पाबाईनं कोहळा उचलून त्याच्या डोळ्यांदेखत पायरीवर आपटला. खळकन दोन भकलं. उदाराम म्हणाला, "पुष्पा, असं नाई करत वो." ती म्हणाली, "मंग का कोहळ्यानं वाट पाहत बसाव, दुसरा बाप येतपर्यंत?" तो आवाज, कोहळा फुटल्याचा तो ओलसर, भरलेला आवाज, हर्षाच्या छातीत अजूनही तस्साच होता. खरं तर तिचा पहिला धडा तोच. पण मेळाव्यात ती तो कधी सांगत नसे. मेळाव्यात ती म्हणायची, स्वप्नं मोठी बघा. मग टाळ्या पडत.

कारण खरा धडा सांगायचा तर पाकिटाचंही सांगावं लागलं असतं. पहिल्या पाकिटावर पुष्पाबाईचाच फोटो होता, मोकळ्या कपाळाचा, आणि नाव होतं पुष्पा शहारे यांच्या घरच्या वड्या. हर्षा राईस मिलच्या ऑफिसातली नोकरी सोडून दुकानोदुकानी फिरली होती, स्कूटीवर, पायात पट्टा तुटलेली चप्पल. दुकानदार वडी तोंडात टाकत, डोळे मिटत, म्हणत, माल एक नंबर आहे मॅडम, पण. त्या पणनंतर कुणीच काही बोलत नसे. पणच्या पुढे एक पोकळी असायची, आणि सगळे तिच्या काठावर उभे राहून सभ्यपणे हसायचे. ती पोकळी हर्षाला लहानपणापासून ठाऊक होती. अर्जुनीच्या बाजारात बाया मायच्या टोपलीतले कोहळे घ्यायच्या, चिंचा घ्यायच्या, पण वड्या म्हटलं की त्यांना एकदम घरची आठवण यायची आणि त्या चालायला लागायच्या. पाणी लागलेलं, हात लागलेलं. गोंदियाचा ठोक व्यापारी चुन्नीलाल मात्र पोकळीवरून सरळ उडी मारून पलीकडे गेला. त्यानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "मॅडम, वडी कौन खाता है? लोग आजी खाते हैं. एक आजी बनवू. आडनाव राहू द्या बाजूला." आणि तिथंच गादीवर बसून त्यानं मोबाइलवर चार ओळी टाइप केल्या: म्हातारी, प्रेमळ, नाकात नथ, कपाळभर कुंकू, हातात वडी. बघता बघता पडद्यावर एक बाई उमलली. कुठूनच न आलेली. तिनं हर्षाकडे पाहून हसायला सुरुवात केली, आणि ती अजून थांबली नव्हती.

नाव सुखवंता हेही त्यानंच सुचवलं. मागचा मजकूर मात्र हर्षाचा, हे नाकारण्यात काय अर्थ? नातीला मांडीवर घेऊन वड्या शिकवणारी आजी, तुळशीपाशी वाळवण घालणारी आजी, पहिल्या वडीला कुंकू लावल्याशिवाय दुसरीला हात न घालणारी आजी. तिला लिहिताना मजा आली होती, खोटं कशाला बोला; निबंधात मन लावून खोटी सहल लिहावी तशी मजा. पाकिटं छापून आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आजीच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. ती धावत चुन्नीलालकडे गेली. तो म्हणाला, "कौन गिनता है, मॅडम?" आणि खरंच कुणी मोजली नाहीत. ज्यांनी मोजली त्यांनी उलट म्हटलं, तरीच, तरीच अशी चव. बाजारात बोललं जाऊ लागलं की सहाव्या बोटातच सगळं आहे. आणि पुष्पाबाईनं ते पाकीट पहिल्यांदा हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं, आणि विचारलं, "ही कोण वो?"

"कोणीच नाही आई. चित्र आहे."

"मंग माह्या वड्या हिच्या हातात काऊन?"

हर्षानं काय उत्तर दिलं होतं ते तिला आठवत नाही. बहुतेक फोन आला असावा. फोन येतच होते तेव्हा. वड्या रायपूरला गेल्या, नागपूरला गेल्या, टेरेसच्या एका बाजूला पत्र्याचं छप्पर चढलं, खाली गाडी आली, वर्तमानपत्रात फोटो आला आणि फोटोखाली ओळ आली, सुखवंता आजींची नात. तिनं ती ओळ वाचली आणि एक क्षण तिला खरंच त्या मांडीचा वास आला, न पाहिलेल्या म्हातारीच्या सुती लुगड्याचा, कापूर आणि तपकिरीचा. मग एकदा दरेकशाला मोहफुलं आणायला गेली असताना स्टेशनावरच्या बाकावर एक अनोळखी बाई तिच्याशी बोलायला लागली. पाकीट ओळखीचं निघालं. बाई म्हणाली, "तुमची आजी तर मागल्या बाजारी भेटली न मले. इथंच बसली होती, तुमी बसल्या न, तिथं. थकली बिचारी. म्हणे नात इचारतच नाही." हर्षा हसली. वेडी असेल बाई, जंगलात एकटीदुकटी राहून होतं असं. पण बाकाची ती जागा गरम होती, आणि गाडी येईपर्यंत ती उभीच राहिली.

हे सगळं आत कुठंतरी दडपून ठेवता आलं असतं. धंदा करणाऱ्या बाईला दडपून ठेवणं चांगलं जमतं, तो धडासुद्धा कुणी छापत नाही. पण दिवाळीनंतर चुन्नीलाल घरी आला. रायपूरच्या मोठ्या पार्टीला माल घ्यायचा होता, फक्त त्यांना आजींना बघायचं होतं, प्रत्यक्ष, व्हिडिओसाठी. "घर में माताजी हैं ना? बिठा दो. थोडं कुंकू, एक नथ. दहा मिनिटांचं काम." आतल्या खोलीत कोहळा किसण्याचा आवाज येत होता, खर्र खर्र. हर्षानं नाही म्हणायला तोंड उघडलं, खरंच उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "बघू." आत किसण्याचा आवाज थांबला.

त्या दिवसापासून पुष्पाबाईचा हात पदराखाली गेला. त्या दिवसापासून ती अधूनमधून कुणाला तरी जागा देण्यासाठी सरकून बसायला लागली. "दुपारी येते ती," ती दुर्गाला सांगायची, शेजारणीबद्दल सांगावं तशी, "चुलीपाशी बसते. म्हणे, सरक ना पुष्पा, आता मी घालतो वड्या, तुले कोण वळखते." दुर्गानं हे हर्षाला सांगितलं तेव्हा वर म्हणाली, "ताई, मायले डाक्टरकडं न्या. नाईतं त्या चित्राले न्या, दोघींतली एक तर बिमार आहे." डॉक्टरांनी तपासलं. वय झालंय, विसरभोळेपणा येतो, माणसांत ठेवा, असं म्हणाले, आणि जाताना विचारलं की या सुखवंता आजींच्या घरच्याच ना?

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी हर्षा आरशासमोर भाषणाची तयारी करत होती. मैत्रिणींनो, माझा पहिला धडा. तिथं ती अडत होती. नखातली लाल रेघ दिसत होती. तिला एकाएकी फार स्वच्छ कळलं, शाळेत अवघड गणित अचानक सुटतं तसं, की उद्या ती सांगणार. आजी नाही, कधीच नव्हती. वड्या पुष्पाबाईच्या, कोहळा पायरीवर फोडणाऱ्या पुष्पाबाईच्या. पार्टी गेली तर जाऊ दे. दुकानांतून पाकिटं परत आली तर येऊ देत. तिला वाटलं की उद्या तेवढं बोलून झालं की मायचा हात पदराबाहेर येईल. हे इतकं सोपं होतं की तिला नाचावंसं वाटलं. वळून पाहिलं तर दारात आई उभी.

"उद्या मीबी येतो," ती म्हणाली.

"ये ना आई. तुझ्यासाठीच तर जातेय."

"माह्यासाठी?" पुष्पाबाईनं मान तिरकी केली. पाकिटावरची बाई करते तशी, अगदी तेवढीच. "मले तर तिनं बोलावलं."

सकाळी गाडी गोरेगाव, कोहमारा करत निघाली. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळीचं हिरवं पीक उगवलं होतं, तलावांवर धुकं तरंगत होतं. आई मागच्या सीटवर बसली, पुढं नको म्हणाली. कपाळ मोकळं होतं. हर्षानं निघण्याआधी दोनदा पाहून घेतलं होतं. वाटेत आरशात पाहिलं तर आई खिडकीला टेकून झोपलेली, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी, पण आई अशी कडेला अंग चोरून बसलेली की सीटवर तिघीजणी असाव्यात. हर्षानं आरसा वर फिरवला. मग नुसतं आकाश दिसत राहिलं.

मंडपाच्या दारावर पोस्टर होतं, दोन पुरुष उंचीचं. डावीकडं हर्षा, उजवीकडं ती. एवढ्या मोठ्या आकारात हर्षानं तिला कधी पाहिलं नव्हतं. कुंकवाचा ठिपका ताटाएवढा. वारा आला की पोस्टर फुगायचं आणि ती श्वास घ्यायची. केशोरीच्या काही बाया आल्या होत्या, जुन्या वस्तीतल्या. त्यांतली एक धावत आली, पुष्पाबाईचा खांदा धरून म्हणाली, "जयभीम पुष्पाबाई, किती दिसानं वो." पुष्पाबाईनं तिच्याकडे पाहिलं, छान हसली, आणि काही न बोलता पुढे गेली. ती बाई तिथंच उभी राहिली, जयभीम हवेत धरून. "वळखलं नाही का मले?" तिनं हर्षाला विचारलं. "पैसेवाल्या झाल्या म्हणून का?" हर्षा म्हणाली, "नाही मावशी, तब्येत." आणि तिला वाटलं, लवकर, आता लवकर माइक मिळायला हवा.

पहिल्या रांगेत चुन्नीलाल, शेजारी रायपूरची पार्टी, सफारी घातलेले दोघे. मागं निळ्या गणवेशातल्या मुली, वेण्या, कुजबूज, इतके डोळे. अल्का मॅडमनी ओळख करून दिली. हर्षानं माइक हातात घेतला. माइक थंड होता. ती म्हणाली, "मैत्रिणींनो, माझा पहिला धडा. पाकिटावर जी आजी आहे ना, अशी कोणी आजी नाही. कधीच नव्हती."

चुन्नीलालच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त हसण्यामागचा माणूस निघून गेला. हर्षाला हलकं हलकं वाटायला लागलं. ती पुढचं वाक्य उचलणार, या वड्या माझ्या मायच्या, पुष्पा शहारेंच्या, तेवढ्यात एक मुलगी खुदकन हसली. मग दुसरी. मग रांगच्या रांग हसायला लागली, आनंदानं, आणि सगळ्यांची नजर हर्षाच्या खांद्यावरून मागं गेली. अल्का मॅडम टाळ्या वाजवत होत्या. हर्षानं वळून पाहिलं. पायऱ्या चढून ती येत होती. पदर डोक्यावर, कपाळभर कुंकू, ओलं, ताजं, ते कुठं लावलं, कुणी लावलं, कधी. नाकात नथ नव्हती, पण नथ असल्यासारखी वरच्या ओठाची ती जपणूक. तिनं हर्षाच्या हातातला माइक डाव्या हातानं अलगद काढून घेतला.

"पोट्टी मजाक करून राहिली तुमच्यासंगं," ती म्हणाली. "मी आहो ना."

टाळ्या. पत्र्यावर गारा पडाव्यात तशा टाळ्या. आणि ती बोलायला लागली. हर्षानं लिहिलेलं सगळं ती बोलली, तुळस, मांडीवरची नात, आणि मग हर्षानं कधीच न लिहिलेलं बोलली: नवऱ्याचं नाव, सासरच्या विहिरीचं पाणी कसं गोड होतं, एक मूल वारलं त्याचं, पिठात उडीद फुगला की त्याचा वास तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा येतो ते. बाया डोळे पुसत होत्या. सफारीवाले मोबाइल धरून उभे राहिले होते. हर्षाला वाटलं आपणही रडतोय. हे आयुष्य इतकं खरं होतं, आणि कुणाचंच नव्हतं. टेबलावर प्रात्यक्षिकाचं सामान मांडलं होतं, परात, पीठ, धोतर, एक पांढुरका कोहळा. हर्षाचा जीव त्या कोहळ्यात गोळा झाला. फोड माय, ती मनातल्या मनात म्हणाली. उचल आणि आपट. एकदा.

बाईनं कोहळ्यावरून हात फिरवला. मग मंडपाकडे पाहिलं.

"कोणी गडीमाणूस या वो," ती म्हणाली. "कोहळा फोडून द्या. बाईमाणसानं नाही फोडू."

चुन्नीलाल लगबगीनं वर आला. त्यानं विळीवर कोहळा फोडला, नीट, आवाज न होऊ देता. मग तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. हर्षा तिच्या मागं उभी होती, तिला फक्त पाठ दिसत होती, आणि पहिल्या रांगेतल्या बायांचे चेहरे. त्या चेहऱ्यांवर आधी नवल उमटलं, मग त्यांनी एकेक करून हात जोडले. हर्षानं मान वळवली. तिनं पाहिलं नाही. मंडपाच्या कनातीवरची नक्षी तिनं पाहिली, फार बारकाईनं, एक हिरवं पान, एक लाल फूल, एक हिरवं पान.

परतताना अल्का मॅडमनी ती पहिली वडी डब्यात घालून हर्षाच्या हातात दिली, प्रसादासारखी. रायपूरचं पक्कं झालं, चुन्नीलालनं गाडीच्या काचेतून अंगठा दाखवला. नवेगावबांधजवळ सूर्य कलला तेव्हा हर्षानं गाडी बाजूला घेतली. आता ती पुढच्या सीटवर बसली होती, शेजारी, समोर बघत, हात पदराखाली. तलावावर करकोचे उतरत होते. "आई," हर्षा म्हणाली. काही नाही. "माय," ती म्हणाली, किती वर्षांनी, आणि तो शब्द तोंडात किसलेल्या कोहळ्यासारखा कच्चा लागला. तेही नाही. मग तिनं हात जोडले, रोज सकाळी घरी जोडायची तसे. "जयभीम, माय."

ती बाई वळली. लोभस हसली. "राम राम बाई," ती म्हणाली. "गाव कोणतं तुमचं?"

"केशोरी."

"केशोरी?" तिनं आठवून पाहिलं. "तिथं एक पुष्पा राहे. वड्या घाले. मोठी खमकी, सोताच कोहळा फोडे म्हणत. मालूम आहे का तुमाले?"

"मालूम आहे."

"का झालं वो तिचं?"

हर्षानं मांडीवरचा डबा उघडला. वडी अजून ओली होती. वर कुंकवाचा ठिपका, मधोमध. पुढच्या हिवाळ्यात हीच कुटायची होती, पिठात घालायची होती, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिच्यातली. तिनं ठिपक्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. पीठ थंडगार, अंगठा आत जात राहिला, माय, तिची माय, तिची माय, कुठंतरी तळाशी कुणीतरी लागेल असं तिला वाटत होतं.

"असं नाही करत बाई पहिल्या वडीले," शेजारून आवाज आला, समजुतीचा, आणि पदराखालून तो हात आला. त्यानं हर्षाचा हात वडीवरून उचलला आणि आपल्या मुठीत घेतला. हर्षानं डोळे मिटले. अंगठा ओळखीचा होता, कोहळ्याच्या किसणीनं सोललेला. पहिलं बोट ओळखीचं, विळीच्या जुन्या खुणेचं. मग मधलं, मग त्याच्या शेजारचं वाकडं, मग करंगळी, तापात कपाळावरून फिरायची ती, ऊबदार, खरखरीत, मायची. आणि मग, हळूच, सगळ्यांच्या मागून, आणखी एक येऊन तिच्या हातावर टेकलं. ते मऊ होतं. त्यानं आयुष्यात कधीच काही काम केलेलं नव्हतं.